एका खुंटीवर चार पिशव्या

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका २७ वर्षांची. मुंबईच्या पूर्व उपनगरात आईबाबा आणि धाकट्या भावाबरोबर वन रूम किचनमध्ये राहते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातून राज्यशास्त्रात एमए, नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, जेआरएफ (त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती) थोडक्यात हुकली. तीन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर (जेवढे तास, तेवढंच मानधन) शिकवते. डिसेंबरात तिने अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांत पीएचडीसाठी अर्ज केले. अर्जाची फी, इंग्रजीची परीक्षा वगैरे धरून लाखाच्या आसपास खर्च झाला, त्यातले निम्मे बाबांनी दिले. मार्चच्या मध्यापर्यंत तीन नकार आले, एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत नाव आहे, पाच ठिकाणांहून चकार शब्द नाही. रात्री मोबाइल उशाशी घेऊन झोपते. दीड-दोनला जाग येते, मेल बघते, उजेडाने आईची झोप मोडते. बेस्टमधून निवृत्त झालेले बाबा रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना विचारतात, 'लागला का निकाल?' ठाण्याचं एक स्थळ आलं आहे. पुढच्या वर्षी येणार का ते एप्रिलअखेर सांगा, असं कॉलेजने म्हटलं आहे. संशोधनाचा विषय असा: मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबई महापालिकेत नगरसेवकच नव्हते, त्या काळात लोक आपल्या तक्रारी घेऊन कुणाकडे जात होते? तिच्या बिल्डिंगखाली एका माजी नगरसेवकाचं कार्यालय आहे, तिथली गर्दी बघून हा विषय सुचला. ती विचारते: विद्यापीठांना मेल करून विचारावं का? त्यांचं गप्प बसणं म्हणजे नकारच समजायचा का? आणि सगळीकडून नकार आला तर 'आपण या विषयासाठी लायकच नाही' हे मान्य करून मोकळं व्हावं का?

पत्रात तू मला ताई म्हटलं आहेस, म्हणून मीही सरळ 'तू' म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती (मास्तरकीची सवय, निवृत्तीनंतरही जात नाही) आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा अधोरेखित होत गेलं: 'निकाल लागू दे, मग बघू.' चार वेळा आलं आहे ते. ठाण्याच्या स्थळाबद्दल आईला एकदा. तासिकांबद्दल विभागप्रमुख मॅडमना एकदा. जूनच्या नेटचा फॉर्म भरणार का, असं मैत्रिणीने विचारलं तेव्हा तिला. आणि चौथ्यांदा स्वतःलाच, त्या निळ्या वहीबद्दल, ज्यात तू खालच्या कार्यालयात येणाऱ्या लोकांच्या नोंदी करायचीस आणि जी जानेवारीपासून उघडलेली नाही.

तू विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतेच. पण मला त्या चार 'मग बघू'बद्दलही बोलायचं आहे.

सुरुवात बाबांच्या 'निकाला'पासून करू. आपल्याकडे निकाल म्हटलं की डोळ्यांसमोर दहावीचा निकाल येतो. एक तारीख, दुपारी एकची वेळ, एक आकडा. मग अकरावीची यादी, कट ऑफ, आणि 'अर्ध्या टक्क्याने गेलं हो रुपारेल' असं म्हणणाऱ्या मावश्या. या पद्धतीत दहा दोष असतील, पण एक सोय आहे: नाही मिळालं तर का नाही मिळालं हे कळतं. बाबांना वाटतं, अमेरिकेत कुठेतरी अशीच एक यादी टांगली जाणार आहे. खरं सांग, तुलाही मनातून तसंच वाटतंय ना? म्हणून तर तीन नकारांची बेरीज करून तू 'लायक नाही' या उत्तरापर्यंत पोचलीस.

तिथे काय होतं ते थोडक्यात सांगते. राज्यशास्त्र विभागातले काही प्राध्यापक मिळून समिती बनते. ते गठ्ठ्यातला एकेक अर्ज वाचतात: उद्देशपत्र (काय शिकायचंय आणि का, ते सांगणारं), लेखनाचा नमुना, शिफारसपत्रं, गुण. जीआरई ही प्रवेशपरीक्षा तर २०२० नंतर कित्येक विभागांनी ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली. म्हणजे सगळ्यांना एका रांगेत उभं करणारा जो एक आकडा होता, तोही बऱ्याच ठिकाणी उरला नाही. जागा किती? अनेक विभागांत वर्षाला दहा-पंधरा, कुठे त्याहून कमी. त्या पुन्हा वाटल्या जातात: अमेरिकन राजकारण, तौलनिक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धांत. तुझा अर्ज तौलनिकमध्ये. त्या चार-पाच जागांत लॅटिन अमेरिका आहे, आफ्रिका आहे, चीन आहे, आणि कुठेतरी भारत. आता समज, भारतावर काम करणारे तिथले एकुलते प्राध्यापक पुढच्या वर्षी रजेवर आहेत. किंवा त्यांच्या हाताखाली आधीच तीन विद्यार्थी आहेत. किंवा डीनने यंदा दोन जागा कापल्या. तुझ्या उद्देशपत्रातल्या कुठल्याही वाक्याने यातली एकही गोष्ट बदलली नसती. यात भर म्हणजे २०२५ पासून अमेरिकेत संघराज्य सरकारचा संशोधन निधी आटला आणि अनेक विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले. तू नेमक्या पडत्या काळात बस स्टॉपवर उभी राहिलीस.

हे मी तुझं मन राखायला सांगत नाही. अर्ज कच्चाही असू शकतो, आणि त्याबद्दल पुढे बोलणार आहे. पण कच्चा अर्ज आणि नालायक माणूस यात केवढं अंतर आहे, हे तासिका तत्त्वावर तीन वर्षं पेपर तपासलेल्या बाईला मी सांगायला नको.

आता शांततेचा अर्थ. तिथल्या विभागांची साधारण रीत अशी की ज्यांना घ्यायचं ठरलं त्यांना आधी कळवायचं, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला. मग त्यांना भेटीला बोलवायचं, गप्पा मारायच्या, पटवायचं. त्यांच्यातले काही जण 'नाही' म्हणतील म्हणून काही नावं बाजूला ठेवायची. ही बाजूला ठेवलेली नावं प्रत्येक विभाग उमेदवाराला कळवतोच असं नाही. आणि नकाराचे मेल सगळ्यात शेवटी. त्यामुळे मार्चच्या मध्यानंतरची शांतता ही बहुतेक वेळा नकार असते. बहुतेक वेळा, प्रत्येक वेळी नाही. पाचांपैकी चार ठिकाणी तरी 'नाही' आहे असं धरून चाल, असं मी माझ्या मुलीला सांगितलं असतं, म्हणून तुलाही सांगते.

या सगळ्याला एक तारीख आहे: १५ एप्रिल. अमेरिकेतल्या पदव्युत्तर विद्यापीठांच्या परिषदेचा एक ठराव आहे आणि बहुतेक मोठी विद्यापीठं त्यात सामील आहेत. त्यानुसार आर्थिक मदतीसह मिळालेल्या प्रवेशाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. म्हणून ज्यांच्या हातात चार-चार प्रवेश आहेत, ते त्या तारखेपर्यंत विचार करत बसतात, आणि त्यांच्या सोडलेल्या जागा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खाली सरकतात. प्रतीक्षा यादी हलते ती तेव्हा, कधी अगदी शेवटच्या दोन दिवसांत. ही तारीख कॅलेंडरवर लिही आणि बाबांना दाखव. रोजच्या 'लागला का?'पेक्षा 'पंधरा तारखेला किती दिवस राहिले?' हा प्रश्न त्यांनाही सोपा जाईल. ज्या माणसाने जन्मभर गाडी डेपोतून सुटायची वेळ पाळली, त्याला वेळापत्रक नसलेली वाट बघायला लावणं हा छळ आहे गं.

मेल करायचा का? जिथून काहीच आलं नाही तिथे एकदा करायला हरकत नाही, आता मार्च संपत आलाय. पण तो प्राध्यापकांना करू नकोस. विभागाचा प्रवेशाचा कारभार बघणारी एक कर्मचारी व्यक्ती असते, संकेतस्थळावर नाव असतं, तिला लिही. नाव, अर्ज क्रमांक, 'माझ्या अर्जावर निर्णय झाला आहे का, साधारण कधीपर्यंत कळेल', आभार. तीन ओळी. त्यात आजारपण, घरची परिस्थिती, 'हे माझं स्वप्न आहे' यातलं काही नको. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नकोस.

प्रतीक्षा यादीवालं पत्र मात्र तू दोन ओळींत उरकलंस, आणि ते मला खटकलं. नऊपैकी एका ठिकाणी समितीतल्या लोकांनी तुझा अर्ज वाचून 'ही चालेल' असं म्हटलं आहे, आणि तू त्याची गणना नकारात करून टाकलीस! तिथे आजच उत्तर दे. अजून यायची इच्छा आहे हे लिही. ते खरोखरच पहिल्या पसंतीचं असेल तर तसं स्पष्ट लिही, नसेल तर लिहू नकोस, कारण असलं खोटं महागात पडतं. डिसेंबरनंतर काही नवं झालं असेल, एखादा लेख, एखाद्या परिषदेत वाचलेला निबंध, तर एका वाक्यात कळव. आणि दोन गोष्टी विचार: यादीला क्रम आहे का, की विषयवार आहे? जागा मिळाली तर शिष्यवृत्ती पहिल्या फेरीतल्या मुलांइतकीच असेल का? हा दुसरा प्रश्न विचारायला आपल्याकडच्या मुली लाजतात. लाजू नकोस. पाच-सहा वर्षांचा संसार आहे तो.

रात्रीच्या जागरणाबद्दल मला फक्त हिशेब सांगायचा आहे. ८ मार्चला तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली. आता अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची कार्यालयं आपल्या संध्याकाळी साडेसहाला उघडतात आणि रात्री अडीचला बंद होतात. कॅलिफोर्नियातली रात्री साडेनऊला उघडतात, पहाटे साडेपाचला बंद होतात. म्हणजे जे काही येणार ते संध्याकाळनंतर किंवा तू झोपेत असताना येणार, आणि सकाळी सातला ते सगळं एकत्र पडलेलं असणार. रात्री दोनला बघितलेल्या प्रवेशाला कुणी दोन वाजता उत्तर मागत नाही. रात्री दोनला बघितलेला नकार मात्र उजाडेपर्यंत एकटीने सोसावा लागतो. वन रूम किचनमध्ये तर रडायचीही चोरी. मोबाइल रात्री ओट्यावर ठेवत जा, पिठाच्या डब्याशेजारी.

मला हे कळतं, कारण मीही एकदा अशीच वाट बघितली आहे. १९९१ साली. तेव्हा मेल नव्हते, पाकिटं यायची. जाड पाकीट म्हणजे होकार आणि सोबत फॉर्म, पातळ पाकीट म्हणजे एक कागद, म्हणजे नकार. आमचा पोस्टमन जिन्यात दिसला की मी त्याच्या हातातल्या गठ्ठ्याची जाडी बघायचे. त्या तीन महिन्यांत मला एका संस्थेत संशोधन सहायकाचं काम चालून आलं होतं. 'उत्तर येऊ दे, मग सांगते' म्हणाले. पातळ पाकीट आलं, तोवर ते काम दुसऱ्याला गेलं होतं. नकाराचं दुःख दोन-तीन वर्षांत गेलं. त्या कामाची चुटपुट अजून आहे.

तर आता चार पिशव्या, म्हणजे तुझे ते चार 'मग बघू'. तू त्या सगळ्या एकाच खुंटीला अडकवल्या आहेस, आणि खुंटी भिंतीतून हलतेय हे तुला दिसतंय. तुझी भीती नऊ विद्यापीठांच्या नकाराएवढी असती तर ती पेलली असती. पण त्या एका 'नाही'बरोबर लग्न, नोकरी, नेट आणि विषय हे सगळं एकदम खाली पडणार, अशी रचना तू स्वतः केली आहेस. एकेक पिशवी काढू.

स्थळाची पिशवी सगळ्यात जड दिसते, पण सुटायला सोपी आहे. मला वाटतं, तुला हे लग्न आत्ता नको आहे आणि तसं म्हणायचा धीर होत नाही, म्हणून निकालाची ढाल पुढे केली आहे. चुकत असेन तर सोडून दे. पण विचार कर: 'निकाल लागू दे' याचा आईने लावलेला अर्थ काय असेल? नाही लागला तर पोरगी तयार आहे, हाच ना? म्हणजे एखाद्या अनोळखी समितीने नकार दिला की तू ठाण्याला होकार दिलास, असा हिशेब होतो. त्या मुलावरही हा अन्याय आहे, तो बिचारा प्रतीक्षा यादीतच आहे. भेटायचं असेल तर भेट आणि विषय, परदेश, सहा वर्षं हे सगळं त्याच्यासमोर ठेव. नको असेल तर आत्ताच नको म्हण. १५ एप्रिलशी त्याचा काडीचा संबंध नाही.

कॉलेजच्या बाबतीत तुला वाटतंय की 'हो' म्हणून ऑगस्टमध्ये निघून जाणं ही फसवणूक. तुझा सरळपणा आवडला, पण जरा व्यवहार बघ. तासिका तत्त्वावरच्या माणसाला मे महिन्यात कुणी पैसे देत नाही, दर जूनला नव्याने मुलाखत, मानधन महिनोन्महिने लांबतं. जी व्यवस्था तुला एका वर्षापलीकडचा शब्द देत नाही, तिला तू तुझा आजचा खरा अंदाज दिलास की पुरे. मॅडमना सांग: 'येणार आहे. एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत आहे. झालं तर ऑगस्टमध्ये जावं लागेल, एप्रिलअखेर नक्की कळवते.' विभागप्रमुखांना अशा गोष्टी नव्या नसतात. पेपरांची वाटणी करताना त्या तुला पहिल्या सत्रात असा पेपर देतील, जो दुसऱ्याला उचलता येईल.

नेटचा फॉर्म भर. याला मी फार चर्चा लावणार नाही, पण एक बारकावा अनेकांना माहीत नसतो, तुझ्यासारख्या इतर वाचकांनीही तो लक्षात घ्यावा. जून २०२४ पासून नेटच्या निकालाच्या तीन पायऱ्या झाल्या: जेआरएफ, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, फक्त पीएचडी प्रवेश. सहायक प्राध्यापकपदासाठीची पात्रता कायम राहते, पण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्यांचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष धरतात, ७० टक्के भार त्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला. म्हणजे तू जुन्या नेटवर निवांत बसली असशील तर प्रवेशाच्या खिडकीपाशी पंचाईत होईल. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, पण स्त्रियांना पाच वर्षांची सवलत असते, तेव्हा तुझी वेळ गेलेली नाही. मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि वर घरभाडं भत्ता. तासिकांच्या मानधनाशी याची तुलना तूच कर.

इथे तू मनात म्हणशील, 'म्हणजे ताई मला इथेच पीएचडी कर म्हणतात.' म्हणत नाही. पण तुझ्या पत्रात 'इथे राहिले तर' या शब्दांनंतर प्रत्येक वेळी तीन टिंबं आहेत, त्या टिंबांत काय आहे ते मला बघायचंय. इथल्या अडचणी खऱ्या आहेत. मार्गदर्शक मिळायला वणवण, कार्यालयात फायली अडकणं, फेलोशिपचे पैसे थकणं. बार्टी या राज्य सरकारच्या संस्थेची फेलोशिप घेणाऱ्या संशोधकांना आझाद मैदानात बसावं लागलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेत पहिली दोन वर्षं नीट अभ्यासक्रम असतो, संशोधनपद्धती शिकवतात, पाच वर्षांच्या पैशांची हमी बहुतेक ठिकाणी असते. हा फरक मोठा आहे आणि तू अर्ज केलास ते योग्यच केलंस. पण महाराष्ट्राच्या राजकारणाबद्दल आज आपण ज्या भाषेत बोलतो, ती बरीचशी पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात घडली, राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर, यशवंत सुमंत यांच्यासारख्यांच्या वर्गांत आणि लेखांत. आणि तू ज्या विभागातून एमए केलंस, त्याच्या प्रमुख एके काळी उषा मेहता होत्या. १९४२ मध्ये गुप्त रेडिओ चालवला म्हणून तुरुंगात गेल्या, १९४६ मध्ये सुटल्या, मग गांधीविचारांवर पीएचडी केली आणि १९८० मध्ये निवृत्त होईपर्यंत शिकवलं. बोध वगैरे काढू नकोस यातून. तुझ्या टिंबांमध्ये एवढी माणसं उभी आहेत, एवढंच सांगायचं होतं.

व्यवहाराचं म्हणशील तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची, स्त्रियांना वर आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि अर्धवेळ पीएचडीलाही वाव आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या वेगवेगळ्या प्रवर्गांसाठीच्या संस्थांच्या फेलोशिप नोंदणी झालेल्या संशोधकांसाठी असतात. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस, तेव्हा नियम तूच बघ. आणि अमेरिकेचं जमलंच, तर विमानभाडं नि सुरुवातीचं घरभाडं यासाठी मुंबईतल्याच जे. एन. टाटा एन्डोमेंटची १८९२ पासून चालत आलेली कर्ज-शिष्यवृत्ती आहे. बाबांच्या ग्रॅच्युइटीला पुन्हा हात लावायची गरज नाही.

सगळीकडून नकार आला तर डिसेंबरात पुन्हा अर्ज करता येतो, आणि अनेक जण दुसऱ्या खेपेस आत जातात. पण तेच नऊ, तेच उद्देशपत्र असं करू नकोस. तुझी यादी मी पाहिली. खरं सांगू? ती क्रमवारीच्या तक्त्यातून उचललेली दिसते. नऊपैकी किती ठिकाणी शहरांच्या राजकारणावर, स्थानिक प्रतिनिधींवर, भारतावर काम करणारं कुणी आहे? पुढच्या वेळी आधी माणसं शोध, मग विद्यापीठं. फी माफीसाठी अर्ज कर, बरीच विद्यापीठं मागितल्यावर देतात, आणि आपण मागतच नाही. आणि लेखनाचा नमुना म्हणून तू एमएचा प्रबंध कापून पाठवलास, राज्यघटनेच्या ७४ व्या, म्हणजे शहरांच्या स्थानिक स्वराज्याबद्दलच्या दुरुस्तीवरचा. अभ्यासू आहे, असणारच. पण तो कालिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात बसून लिहिता येतो. तुझ्या उद्देशपत्रातली सगळ्यात जिवंत गोष्ट, ती खालच्या कार्यालयातली गर्दी, नमुन्यात कुठेच नाही.

म्हणून चौथी पिशवी, वही. ही मी शेवटी ठेवली, कारण बाकीच्या तीन थांबल्या तरी चालतील, ही थांबणार नाही.

जरा बघ, तुझ्या हातात काय आहे. २०१७ मध्ये निवडून आलेल्या २२७ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर आयुक्तच प्रशासक. स्थायी समिती नाही, सभागृह नाही. २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला, तेव्हा त्यावर बोलायला एकही नगरसेवक नव्हता. आणि तरी रोज सकाळी कुणाचं पाणी कमी दाबाने येत होतं, कुणाच्या गल्लीत गटाराचं झाकण नव्हतं. ती माणसं वॉर्ड ऑफिसात गेली, आमदाराकडे गेली, शाखेत गेली, ॲपवर फोटो टाकले, की ज्याच्याकडे आता कुठलाही अधिकार नाही अशा जुन्याच माणसाकडे गेली? गेली तर त्याने काय केलं? त्याच्या फोनला अभियंता का उत्तर देत होता? असा प्रश्न परदेशातल्या माणसाला सुचायला आधी इथे येऊन दोन वर्षं राहावं लागेल. तुला तो दूध आणायला खाली उतरताना सुचला.

पण जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, नवे नगरसेवक आले. आता त्या चार वर्षांची आठवण पुसट होणार. आज शेजारच्या काकू सांगतील, 'तेव्हा आम्ही अमक्याकडे जायचो.' दोन वर्षांनी त्यांच्या बोलण्यात आधीचं आणि नंतरचं सगळं एकत्र झालेलं असेल. खालच्या कार्यालयातल्या त्या पोऱ्याने तक्रारींचं रजिस्टर ठेवलं होतं असं तू लिहिलंस. कार्यालय बंद झालं तर ते रजिस्टर रद्दीत जाईल, किलोवर. १५ एप्रिलला काहीही होवो, अमेरिकेत जाणारी पीएचडीची मुलगी असशील तर हीच वही सोबत नेशील, कालिन्याला नोंदणी केलीस तर हाच तुझा आराखडा, पुन्हा अर्ज केलास तर हाच लेखनाचा नमुना. आणि यातलं काहीच नाही झालं तर एक चांगला मराठी लेख तरी होईल, तो मी स्वतः संपादकांकडे घेऊन जाईन.

फार मोठं काही करू नकोस. शनिवारी कॉलेज नसतं ना? दोन तास. पाच माणसांशी बोल, सहा महिन्यांत नव्हे, येत्या महिन्याभरात. नावं लिहू नकोस, कशासाठी विचारतेस ते सांग, नको म्हणाले तर सोड. महापालिकेच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या प्रजा फाउंडेशन या संस्थेचे नागरी तक्रारींवरचे अहवाल दरवर्षी निघतात, त्यातले तुझ्या वॉर्डाचे आकडे एका पानावर उतरवून घे, म्हणजे काकूंच्या सांगण्याला दुसरी बाजू मिळेल. एखादा माहिती अधिकाराचा अर्ज टाक. आणि त्या रजिस्टरचं विचार, जाऊन बघायला देतील का.

आणखी एक. तू लिहिलंस की त्या कार्यालयाच्या पाटीवर नावाच्या वर 'माजी' हा शब्द वेगळ्या रंगात, जरा तिरका, नंतर घातलेला आहे. पाटी चार वर्षं तशीच आहे. तो शब्द कुणी रंगवला, मुदत संपल्यावर किती दिवसांनी, आणि रंगवायला सांगितलं कुणी? मी पत्र वाचल्यापासून त्याच विचारात आहे. शनिवारी खाली उतरशील तेव्हा विचारून मला कळव.